दूरचित्रवाणीवरील व्यासपीठ

धर्मोपदेशकाला वाहन लागते. देवळाच्या चौकात उभ्या राहणाऱ्या हरिदासाचे वाहन त्याचा कंठ. पुराणिकाचे वाहन त्याची पोथी आणि तिच्यापुढे बसलेली मंडळी. वाहन बदलले तरी उपदेश तोच राहतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती तपासून पाहण्याची वेळ आता आपल्यावर आली आहे. कारण गोव्यातील देवस्थानांपासून इंदूर-बडोद्याच्या मराठी मंडळांपर्यंत कीर्तनाच्या मंडपात चित्रण करणारे यंत्र येऊन उभे राहिले आहे, आणि कीर्तन कोणापुढे चालले आहे, समोरच्या मंडळीपुढे की त्या यंत्रापुढे, हा प्रश्न अनेक ठिकाणी मनातल्या मनात विचारला जात आहे. या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये. ज्या देशात हा प्रयोग सत्तर वर्षांहून अधिक काळ चालला आहे त्या अमेरिकेकडे आधी पाहावे, असे आम्हास वाटते. तेथील ख्रिस्ती प्रवचनकारांचे गुणदोष पाहताना परधर्माची उणीदुणी काढण्याचा हेतू आमच्या मनात नाही. त्यांच्या अनुभवातून आपणांस काय घेता येईल, एवढेच पाहावयाचे आहे.

प्रारंभ फुल्टन शीन यांच्यापासून करणे उचित होय. हे कॅथॉलिक बिशप १९५२ च्या फेब्रुवारीत ड्यूमाँट नामक जाळ्यावरून बोलू लागले. त्यांच्या कार्यक्रमाचे नाव ‘लाइफ इज वर्थ लिव्हिंग’. मंगळवारी रात्री, मिल्टन बर्ल या लोकप्रिय विनोदी नटाच्या कार्यक्रमाच्याच वेळी, हे गृहस्थ अंगावर धर्मगुरूची झूल घेऊन, हाती खडू घेऊन एका फळ्यापुढे उभे राहत आणि हाती टिपण न घेता सुमारे अर्धा तास बोलत. संगीत नाही, चमत्कार नाही, रडणे नाही. फळा भरला की ते बोलत बोलत बाजूला होत, तेवढ्यात पडद्याआडचा नोकर फळा पुसून ठेवी, आणि हे काम आपल्या देवदूताने केले असे शीन हसून सांगत. दूरचित्रवाणीवरील सर्वोत्तम व्यक्तिमत्त्व म्हणून त्यांना एमी पुरस्कार मिळाला, तेव्हा आपल्या चार लेखकांचे, म्हणजे मॅथ्यू, मार्क, ल्यूक आणि जॉन या शुभवर्तमानकारांचे, त्यांनी आभार मानल्याची गोष्ट आजही सांगितली जाते.

शीन यांच्या यशाचे मर्म कशात होते? आमच्या मते ते त्यांनी पत्करलेल्या भूमिकेत होते. पडद्यावर त्यांनी पुरोहित होण्याचा यत्न केला नाही. ते शिक्षक झाले. शिक्षकाची कला दुरूनही काही अंशी साधते. विचार मांडणे, दाखला देणे, शंका उपस्थित करून तिचे निरसन करणे, हे सर्व ऐकणारा समोर नसतानाही करता येते. अनुग्रह, दीक्षा, पापाची कबुली आणि क्षमा या गोष्टी मात्र तशा साधत नाहीत, आणि शीन यांनी त्या पडद्यावरून देऊ केल्याही नाहीत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वेळेचे मोल त्यांना श्रोत्यांकडून वसूल करावे लागत नव्हते. लवकरच अ‍ॅडमिरल या कंपनीने तो भार उचलला. ही कंपनी दूरचित्रवाणीचे संचच बनवीत असे, तेव्हा यातही धंद्याचा हिशेब होताच, हे आम्ही विसरत नाही. परंतु त्यामुळे प्रवचनाच्या अखेरीस हात पसरण्याची गरज शीन यांना उरली नाही. त्यांची प्रवचने आजही पाहता येतात. काही मते जुनी झाली आहेत, नाटकीपणही क्वचित डोळ्यांत भरते. पण ऐकणाऱ्याच्या बुद्धीचा अवमान झाला, असे एकदाही वाटत नाही.

त्याच दशकात ओक्लाहोमातील टल्सा येथून ओरल रॉबर्ट्स दूरचित्रवाणीवर आले. हे तंबूत सभा भरवून रोग्यांवर हात ठेवून प्रार्थना करणारे उपदेशक. १९५५ पासून त्यांच्या तंबूतील सभांची चित्रे घरोघर दिसू लागली. आता एक अडचण उभी राहिली: उपदेशकाचा हात रोग्यापर्यंत पोहोचणार कसा? प्रेक्षकांनी आपल्या घरातील संचावर हात ठेवावा, असा उपाय रॉबर्ट्स यांनी सुचविला. या लहानशा सूचनेत पुढील सर्व इतिहास बीजरूपाने साठलेला आहे, असे आम्हास वाटते. जे दुरून देता येत नाही ते दिल्याचा भास उत्पन्न करणे, आणि भासालाच अनुभव मानावयास शिकविणे, ही ती सुरुवात होय.

या बीजाला पाणी कोठून मिळाले, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेत आरंभीच्या काळात नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांनी धार्मिक कार्यक्रमांसाठी काही वेळ विनामूल्य द्यावा अशी अपेक्षा असे, आणि तो बहुधा जुन्या, प्रस्थापित पंथांच्या वाट्यास येई. १९६० मध्ये तेथील संदेशवहन आयोगाने, वेळ विकत घेऊन केलेले धार्मिक कार्यक्रमही केंद्राच्या लोकसेवेत गणले जातील, अशी भूमिका घेतली. मग फुकट वेळ द्यावा कोणी? जो अधिक द्रव्य देईल त्यास वेळ मिळू लागला. ज्याला आठवड्यामागून आठवडा वेळ विकत घ्यावयाचा, त्याला आठवड्यामागून आठवडा पैसा उभा करणे प्राप्त झाले. पैसा येण्याचा मार्ग एकच: पडद्यापलीकडे बसलेला, न दिसणारा श्रोता. यानंतर प्रवचनाची परीक्षा टपालाने करावयास प्रारंभ झाला. ज्या प्रवचनानंतर पाकिटे अधिक आली ते प्रवचन चांगले! हा न्याय कोणी लिहून ठेवला नाही. पण व्यवहाराने तो लावला, आणि भल्याभल्यांच्या वाणीला त्याने वळण दिले.

पॅट रॉबर्टसन यांचे उदाहरण घ्या. व्हर्जिनियातील पोर्ट्समथ येथे एक छोटे केंद्र विकत घेऊन त्यांनी १ ऑक्टोबर १९६१ रोजी प्रक्षेपण सुरू केले. १९६३ मध्ये खर्च भागेना, म्हणून त्यांनी आवाहन केले की, ७०० प्रेक्षकांनी दरमहा १० डॉलर द्यावेत. त्यातूनच पुढे ‘सेव्हन हंड्रेड क्लब’ हे कार्यक्रमाचे नाव पडले. कार्यक्रमाचे नावच वर्गणीदारांच्या संख्येवरून पडावे, यावरून उपदेश आणि वर्गणी यांचे मीलन किती घट्ट झाले होते ते वाचकांच्या ध्यानात येईल. हे आवाहन अप्रामाणिक होते असे आम्ही म्हणत नाही. आपल्याकडेही देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी मागतात. परंतु जीर्णोद्धार एकदा पुरा होतो. प्रक्षेपणाची भूक कधी पुरी होत नाही.

ती भूक कोठवर नेते हे जिम बेकर यांच्या कथेत दिसते. पत्नी टॅमी फे यांच्यासह ते रॉबर्टसन यांच्याच केंद्रावर बाहुल्यांच्या खेळाने मुलांना रिझवीत असत. १९७४ पासून नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे त्यांचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. पुढे शेजारच्या साउथ कॅरोलायनात त्यांनी ‘हेरिटेज यूएसए’ नावाची विस्तीर्ण नगरी वसविली. उपाहारगृहे, जलक्रीडेची सोय, दुकाने, सर्व काही तेथे होते. १,००० डॉलर देणाऱ्यास आजन्म दर वर्षी तीन रात्री तेथे राहता येईल, असे वचन पडद्यावरून देण्यात आले. वचने हजारोंनी विकली गेली. खोल्या मात्र सुमारे पाचशेच बांधून पुऱ्या झाल्या. १९८७ च्या मार्चमध्ये, एका स्त्रीचे तोंड बंद ठेवण्यासाठी पैसे दिल्याचे प्रकरण उजेडात आल्यावर, बेकर पायउतार झाले. ऑक्टोबर १९८९ मध्ये फसवणूक व कटाच्या २४ आरोपांवर ते दोषी ठरले आणि त्यांना ४५ वर्षांची शिक्षा झाली.

या खटल्याचा एक पैलू आम्हास विशेष विचारार्ह वाटतो. शिक्षा देताना न्यायाधीशांनी, आपल्यासारखे धर्मनिष्ठ लोक पैसेखाऊ उपदेशकांकडून फसले जाण्यास विटले आहेत, अशा आशयाचे उद्गार काढले. १९९१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण शिक्षा रद्द केली. कारण न्यायाधीशाने स्वतःची धर्मभावना शिक्षेत मिसळता कामा नये. पुढे शिक्षा कमी होऊन १९९४ मध्ये बेकर सुटले. समीक्षकानेही या निर्णयापासून धडा घ्यावा. आपल्या श्रद्धेला धक्का बसला म्हणून दुसऱ्याचा दोष मोठा करून सांगणे हा न्याय नव्हे.

म्हणूनच त्या दांपत्याच्या कार्यक्रमातील एक चांगली गोष्टही येथे नोंदविली पाहिजे. १९८५ मध्ये, एड्स या रोगाच्या भीतीने सख्खे नातलगही रोग्यापासून दूर पळत होते, त्या काळी टॅमी फे यांनी या रोगाने ग्रस्त असलेल्या एका समलिंगी धर्मोपदेशकाची मुलाखत उपग्रहाद्वारे घेतली. आणि अशा माणसाला जवळ घेण्यास ख्रिस्ती लोक भितात याविषयी डोळ्यांत पाणी आणून खेद व्यक्त केला. ज्या पडद्यावरून न मिळणाऱ्या खोल्या विकल्या गेल्या त्याच पडद्यावरून ही करुणाही घरोघर गेली. तेव्हा पडदा स्वभावतःच पापी आहे, हे म्हणणे टिकत नाही.

१९८७ हे वर्ष अमेरिकेत आणखी एका कारणाने गाजले. मार्चअखेर ८० लक्ष डॉलर जमले नाहीत तर ईश्वर आपणांस घरी बोलावून घेईल, असे ओरल रॉबर्ट्स यांनी प्रेक्षकांना सांगितले. रक्कम पुरी करण्यास फ्लोरिडातील कुत्र्यांच्या शर्यतींच्या एका मालकाने १३ लक्ष डॉलर दिले. रॉबर्ट्स यांनी बांधलेले भव्य रुग्णालय १९८१ मध्ये सुरू झाले होते. ते १९८९ मध्ये बंद पडले. योगायोग असा की, त्याच १९८७ च्या २५ जानेवारीस आपल्याकडे दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि कित्येक घरांत स्नान करून, संचाला हार घालून लोक ती पाहू लागले. तीही पडद्यावरचीच भक्ती होती. कलादृष्ट्या तिच्यात उणिवाही होत्या. पण मालिकेतील रामाने प्रेक्षकाकडे काही मागितले नाही, आणि प्रेक्षकानेही हार घातला तो रामाला, नटाच्या खात्याला नव्हे. येथेच दोन्हींतील भेद आहे.

याहून खालची पायरी पीटर पोपॉफ यांची. सभेतील अनोळखी माणसाचे नाव, पत्ता, आजार ते ईश्वरी प्रेरणेने सांगत, असा त्यांचा लौकिक होता. १९८६ मध्ये जादूगार जेम्स रँडी यांनी सहकाऱ्यांसह त्यांच्या सभेत नभोवाणीच्या लहरी पकडल्या. तेव्हा कळले की ‘ईश्वरी’ आवाज त्यांच्या पत्नीचा असून, आधी भरून घेतलेल्या प्रार्थनापत्रांतील मजकूर ती त्यांच्या कानातील यंत्रात वाचून दाखवीत होती. जॉनी कार्सन यांच्या कार्यक्रमात हे सर्व देशाने पाहिले. पुढल्या वर्षी पोपॉफ यांचे दिवाळे वाजले. आणि तरीही ते काही वर्षांनी पडद्यावर परतले, या वेळी चमत्कारी झऱ्याच्या पाण्याच्या पुड्या घेऊन! त्यांची लबाडी स्पष्ट आहे; तिच्यावर अधिक लिहिण्यात हशील नाही. मात्र ती लबाडी कशाची नक्कल करीत होती याकडे आम्ही लक्ष वेधतो. उपदेशक मला ओळखतो, माझे नाव जाणतो, माझे दुःख त्याला ठाऊक आहे, हीच श्रोत्याची तहान होती. गावच्या देवळातील पुजारी किंवा चर्चमधील पाद्री हे सारे यंत्रावाचून जाणतो. दुरावलेल्या नात्याची नक्कल करण्यासाठीच यंत्र कानात घालावे लागले.

आता एका वास्तूचा विचार करू. रॉबर्ट शुलर यांनी १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात मोटारीत बसून चित्रपट पाहण्याच्या उघड्या मैदानावर, खाद्यपदार्थांच्या दुकानाच्या छपरावर उभे राहून प्रवचने सुरू केली. १९७० मध्ये त्यांचा ‘अवर ऑफ पॉवर’ कार्यक्रम निघाला, आणि १९८० मध्ये गार्डन ग्रोव्ह येथे फिलिप जॉन्सन या वास्तुविशारदाने रचलेले काचेचे मंदिर उभे राहिले. दहा हजारांवर काचांतून येणारा प्रकाश चित्रणास किती सोयीचा, हे सांगणे नलगे. पण जी मंडळी पडद्यावरून जमली ती पडद्यावरच विरली. २०१० मध्ये संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली. वास्तू ५ कोटी ७५ लक्ष डॉलरना रोमन कॅथॉलिक धर्मप्रांताकडे गेली आणि २०१९ मध्ये ‘ख्राइस्ट कॅथीड्रल’ म्हणून पुन्हा उपासनेसाठी खुली झाली. आज तेथे इंग्रजी, स्पॅनिश, व्हिएतनामी अशा भाषांत आसपासच्या लोकांची उपासना चालते. भिंती काचेच्याच राहिल्या. त्यांच्या आत आता शेजारपाजारची माणसे आहेत. वाचकांनी या बदलाचा शांतपणे विचार करावा.

मग पडद्याचा उपयोग करूनही ज्याने आपले व्रत सांभाळले असा कोणीच नाही काय? आहे. बिली ग्रॅहम यांनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील मोडेस्टो येथे आपल्या सहकाऱ्यांसह काही नियम ठरविले: पैशाचा व्यवहार चोख असावा, परस्त्रीशी एकांत टाळावा, स्थानिक चर्चची निंदा करू नये, गर्दीचे आकडे फुगवू नयेत. पुढे त्यांनी संस्थेकडून ठरीव वेतन घेण्याची रीत पत्करली. १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील त्यांच्या सभा दूरचित्रवाणीवरून देशभर दिसल्या. परंतु जो श्रोता पुढे येई त्याला ते आपल्याजवळ ठेवून घेत नसत. त्याचे नाव त्याच्या वस्तीतील चर्चकडे पाठवीत. त्यांच्या मतांविषयी, राजकारण्यांशी असलेल्या सलगीविषयी टीका करण्याजोगे पुष्कळ आहे, ते येथे अप्रस्तुत. पडद्यावरून गोळा केलेला माणूस अखेरीस त्याच्या गावच्या उपासनास्थळी पोहोचला पाहिजे, हे त्यांना उमगले होते. हा एक नियम इतरांनी पाळला असता तर पुढील अनर्थांपैकी बरेच टळले असते.

कायद्यानेही येथे फारसे साह्य केले नाही. अमेरिकेत चर्च म्हणून मान्य झालेल्या संस्थेला करखात्याकडे वार्षिक विवरण भरावे लागत नाही. स्वेच्छेने हिशेब उघड करणाऱ्या ख्रिस्ती संस्थांचे मंडळ १९७९ मध्ये निघाले, ते चांगलेच झाले. पण त्यात जाणे न जाणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. २००७ मध्ये सिनेटर चक ग्रासली यांनी सहा दूरचित्रवाणी-संस्थांकडे हिशेब मागितला. त्यांपैकी दोघींनीच पूर्ण सहकार्य दिले, आणि २०११ मध्ये ती चौकशी कोणासही दंड न होता संपली. धर्मस्वातंत्र्याची कदर म्हणून सरकारने हात आवरला, हे एका परीने योग्यच. मग हिशेब विचारायचा कोणी? श्रोत्याने. आणि पडद्यापलीकडचा श्रोता तो विचारू शकत नाही, कारण तो एकटा आहे. शेजारच्या घरात त्याच प्रवचनासाठी पाकीट भरणारा दुसरा कोण आहे, हेही त्याला ठाऊक नाही.

आपल्या कीर्तनपरंपरेचे बळ नेमके येथे आहे. नारदीय कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतो, उत्तररंगात आख्यान लावतो. पण या अवधीत त्याची दृष्टी श्रोत्यांवर असते. कोणाचे लक्ष उडाले, कोणास अर्थ उमगला नाही, कोणत्या म्हातारीचे डोळे भरून आले, हे त्याला दिसते, आणि त्याप्रमाणे त्याची वाणी वळते. कीर्तनानंतर गावातला एखादा जाणता वृद्ध त्याला गाठून शास्त्रार्थाची चूकही दाखवितो. वारकरी संप्रदायाने तर कीर्तन हे मोबदल्यासाठी करावयाचे नव्हे, हा दंडक फार पूर्वीच घालून दिला. गोव्यातील देवस्थानांत महाजनांच्या सभेपुढे हिशेब ठेवण्याची रीत आहे. त्या सभांत वाद होतात, आवाज चढतात, मने दुखावतात. तरी हिशेब विचारणारा माणूस समोर बसलेला असतो. या रीती पाळताना आपणही चुकतो, दंडक मोडतो, हे खरे. पण दंडक मोडला असे म्हणता येण्यासाठी दंडक असावा लागतो.

आता पडदा आपल्याकडेही आला आहे. २००० साली ‘आस्था’सारख्या वाहिन्या निघाल्या; मराठी वाहिन्यांवर सकाळी कीर्तने होतात; पडद्याच्या तळाशी बँकेच्या खात्याचा क्रमांक सरकत असतो, हे दृश्यही आपल्या परिचयाचे झाले आहे. पडदा निषिद्ध मानावा, असे आम्ही म्हणणार नाही. २०२० मध्ये महामारीमुळे वारी पायी निघू शकली नाही, संतांच्या पादुका बसने पंढरीस गेल्या, तेव्हा लाखो वारकऱ्यांनी घरी बसून आषाढी अनुभवली ती पडद्याच्याच आधारे. अंथरुणास खिळलेल्या आजीला, किंवा जेथे वर्षातून एकदाही हरिदास फिरकत नाही अशा परप्रांतीच्या मराठी कुटुंबाला घरबसल्या कीर्तन ऐकावयास मिळते, ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि प्रत्येक देवस्थान समितीने मंडपात यंत्र उभे करण्यापूर्वी काही प्रश्न स्वतःस विचारावेत. या प्रक्षेपणाचा खर्च कोण करणार, आणि तो भागविण्यासाठी कीर्तनकाराला मागणे करावे लागेल काय? आलेला पैसा कोणापुढे मांडला जाईल? यंत्र कोठे ठेवले आहे, श्रोत्यांच्या मागे की श्रोते आणि कीर्तनकार यांच्या मधोमध? दुरून ऐकणाऱ्याला शंका आली तर तिचे उत्तर देणारे कोणी आहे काय? आणि ऐकणारा जेथे राहतो तेथील देवळाचा, तेथील मंडळाचा पत्ता आपण त्याला सांगतो काय, की त्याला आपल्याच पडद्याशी बांधून ठेवतो? खर्च समितीने उचलावा, कीर्तनकाराच्या तोंडी आकडा येऊ नये, जमाखर्च सभेत वाचला जावा, आणि यंत्राची जागा श्रोत्यांच्या मागेच असावी. एवढे पथ्य पाळले तर पडदा कीर्तनाचा चाकर राहील. तो धनी झाला म्हणजे काय होते, हे अमेरिकेतील प्रामाणिक श्रद्धाळूंनी आपल्या पदरच्या पैशाने जाणले आहे. तीच किंमत आपण पुन्हा मोजण्याचे कारण नाही.